भिजत घोंगडं आणि तळहातावरची चिमणी

पावसाळ्यात पारनेर-संगमनेरच्या माळावर मेंढरांमागे चाललेला धनगर दिसला, तर त्याच्या डोक्यावरची घोंगडी जरा निरखून बघावी. थेंब तिच्यावर पडतात आणि ओघळून जातात. लोकरीच्या केसाला बाहेरून मेणचट थर असतो, तो पाण्याला थारा देत नाही. पण त्याच केसाचा आतला गाभा पाण्याचा मोठा लोभी. हवेतली वाफ तो गुपचूप ओढून घेत राहतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी पोटात गेलं तरी लोकर हाताला कोरडीच लागते! हीच घोंगडी रात्रभर हौदात पडू द्या. सकाळी ती एकट्याला उचलवत नाही, आणि वाळत घातली तरी लवकर वाळत नाही.

रेंगाळलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडं’ म्हणतो. घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत हा शब्द ऐकतच मी मोठी झाले. तो किती नेमका आहे हे मात्र एका अमेरिकी अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा कळलं.

डायान टाइस आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचा तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना अख्खं सत्रभर न्याहाळलं. सत्राच्या शेवटी एक निबंध द्यायचा होता आणि त्याची तारीख पहिल्यापासून ठरलेली होती. कोण वेळेत कामाला लागतं, कोण पुढे ढकलतं, कुणाला किती ताण जाणवतो, कोण किती आजारी पडतं, याची त्यांनी नोंद ठेवली. सत्राच्या सुरुवातीच्या नोंदी वाचून मी थबकले. पुढे ढकलणारी मुलं जास्त सुखात होती. ताण कमी, दुखणीखुपणी कमी. थेंब घोंगडीवरून ओघळत होते. सत्र संपत आलं तशी गोष्ट उलटली. आता तीच मुलं जास्त ताणाखाली आणि जास्त आजारी. सगळ्या सत्राची बेरीज केली तर दुखणं त्यांच्याच वाट्याला जास्त आलं, आणि मार्कही त्यांनाच कमी मिळाले.

म्हणजे चालढकलीचा सुरुवातीला खरोखर फायदा होतो. हे कबूल केल्याशिवाय तिचं कोडं उलगडत नाही. मुलाला ‘आळशी’ म्हणून झिडकारणाऱ्या मोठ्यांना मला नेहमी सांगावंसं वाटतं, की आळशी माणूस निवांत असतो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यातला विद्यार्थी बघा. तो खोली झाडतो, कपाट लावतो, चार रंगांच्या पेनांनी अभ्यासाचं वेळापत्रक आखतो, मित्राचं गाईड झेरॉक्स करून आणतो. इतका कष्टाळू माणूस त्या आठवड्यात शोधून सापडणार नाही. फक्त जर्नलला त्याचा हात लागत नाही.

का लागत नाही? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये या प्रश्नाची मांडणीच बदलली. गाठ घड्याळात नाही, मनात आहे, असं त्यांचं म्हणणं. काम समोर आलं की पोटात काहीतरी हलतं. कधी कंटाळा असतो, कधी ‘जमलं नाही तर?’ अशी धास्ती. वही मिटली की ते हलणं थांबतं, तत्काळ. ही सुटका मेंदूला बक्षिसासारखी वाटते, आणि मेंदू बक्षीस विसरत नाही. पुढच्या खेपेला तो अधिक लवकर पळ काढतो.

जर्मनीतल्या बोखुम इथल्या संशोधकांनी २०१८ साली २६४ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. ठरवलेल्या कामाला हात घालणं ज्यांना अवघड जातं, त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग सरासरीनं मोठा आढळला. बदामाएवढा हा भाग धोक्याची चाहूल घेतो. साप दिसला की आपण विचार करण्याआधीच मागे उडी मारतो, ती त्याच्या इशाऱ्यावर. त्याच्यासाठी फुरसं काय नि सांख्यिकीचं चौथं प्रकरण काय, पोटात हलवणारी वस्तू ती धोक्याचीच.

आणि मग ‘उद्या’. उद्या करू, असं म्हणताना आपण काम नेमकं कुणाच्या गळ्यात घालतो? मानसशास्त्रज्ञ हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि कधी स्वतःबद्दल, कधी काही वर्षांनंतरच्या स्वतःबद्दल, कधी परक्या माणसाबद्दल विचार करायला लावलं. भविष्यातल्या स्वतःचा विचार चालू असताना कित्येकांच्या मेंदूतली हालचाल परक्या माणसाच्या विचारासारखी दिसली. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नाईट मारणारा’ तो बिचारा मुलगा आज दुपारी आपल्याला अनोळखी असतो. म्हणूनच त्याच्या डोक्यावर ओझं ठेवताना आपल्याला काही वाटत नाही.

हे सगळं परदेशातलं झालं. पण या गाठीचं एक फार जुनं मराठी वर्णन आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच झालेलं आहे. प्रवरेकाठी नेवाशाला, एका दगडी खांबाला टेकून, शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. तो पैसाचा खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्यांचा हा सगळा पसारा कशापायी? ऐन वेळी एका माणसाचं पाऊल उचलेना म्हणून. अर्जुनाची वेदना परीक्षेच्या भीतीहून फार मोठी होती, तो आप्तांच्या मरणासमोर उभा होता. पण त्याच्या देहाचं जे झालं ते परीक्षेच्या दालनाबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही मुलीला ओळखीचं वाटेल. अवयव साथ देईनात, घशाला कोरड पडली, अंग थरथरलं, काटा उभा राहिला, धनुष्य हातातून सुटू लागलं. आजचा डॉक्टर हीच यादी ॲड्रेनालिनच्या नावानं सांगतो. लाळ कमी होते म्हणून कोरड, स्नायू ताणले जातात म्हणून कापरं. देह पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतो आणि रथ तर जागचा हलत नाही.

या तयारीत आणखी एक रसायन सुटतं, कॉर्टिसॉल. झ्युरिकमध्ये २००० साली झालेला एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईवडिलांना माहीत असावा असं मला फार वाटतं. धडधाकट माणसांना शब्दांची यादी पाठ करायला दिली. दुसऱ्या दिवशी आठवायला सांगण्याच्या तासभर आधी काहींना कॉर्टिसोनची गोळी दिली. त्यांना शब्द कमी आठवले. हीच गोळी पाठांतराच्या वेळी दिली तेव्हा मात्र असा तोटा दिसला नाही. शब्द साठवण्यात अडचण नव्हती, पाठ केलेले शब्द त्या वेळी बाहेर येत नव्हते. ‘घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही,’ असं रडवेल्या तोंडानं सांगणारा मुलगा खरं बोलत असतो. कित्येकदा तर पेपर देऊन, सायकल काढून, गेटबाहेर आल्यावर उत्तर लख्ख आठवतं.

नेवाशाहून साठेक किलोमीटरवर आमच्या गावाचा भुईकोट किल्ला आहे. परवापर्यंत अहमदनगरचा, आता अहिल्यानगरचा. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अटक झाली आणि त्यांतल्या बारा जणांना या किल्ल्यात आणून ठेवलं. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. २८ मार्च १९४५ पर्यंत नेहरू इथे होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिलं, हे शाळेत सगळे शिकतात. शाळेत न सांगितलेली गोष्ट मला पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर भेटली. त्या पानांवर तारीख आहे १३ एप्रिल १९४४. म्हणजे किल्ल्यात येऊन वीस महिने झाले होते!

वेळ नाही म्हणून कामं राहतात, असं ज्याला वाटतं त्यानं या वीस महिन्यांकडे बघावं. सभा नाहीत, दौरे नाहीत, दारात माणसांची रीघ नाही. सोबतीला पुस्तकं आणि एकाहून एक विद्वान. सहकारी लिहा म्हणून सुचवतही होते. नेहरू मात्र बागकाम करत होते. किल्ल्यातली जमीन खडकाळ, जुन्या बांधकामांच्या राबिटानं भरलेली. फावड्यानं उकरता उकरता त्यांना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. एका भिंतीवर तर सुबक कोरलेलं कमळ निघालं. त्यांना आळशी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आपण लिहायला का कचरतो हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं आहे. आधी देहरादूनच्या तुरुंगात सुरू केलेलं लेखन अर्धवट राहिलं होतं, याही लेखनाची तीच गत होईल अशी शंका मनात होती. वर ‘आज’ जगायचीच मुभा नाही, तर त्याबद्दल लिहायचं काय, ही अडचण. पहिल्या प्रयत्नात अडकलेल्या एमपीएससीच्या मुलाला दुसऱ्यांदा पुस्तक उघडताना जी शंका खाते, ती यापेक्षा फार निराळी नसावी.

मग सुरुवात कशी झाली? भारताचा पाच हजार वर्षांचा इतिहास घेऊन ते बसलेच नाहीत. समोर जे होतं ते त्यांनी लिहिलं. किल्ल्यात पाऊल टाकलं त्या संध्याकाळची चंद्रकोर, तुरुंगात महिने मोजायला चंद्राची होणारी सोबत, बागेची माती, फावड्याला लागलेल्या भिंती. फावडं ठेवलं नि लेखणी घेतली, इतकंच. त्या मातीतून वाट काढत लेखणी मोहेंजोदडोपर्यंत गेली, पुढे बुद्धापर्यंत, अकबरापर्यंत. सप्टेंबर १९४४ येईतो हातानं लिहिलेली हजारेक पानं तयार होती. वीस महिने पुस्तकाचं एक पान नाही आणि पाच महिन्यांत हजार पानं! हे कोडं मला अनेक दिवस पुरलं.

त्याच्या उत्तराचा एक धागा बर्लिनमध्ये सापडतो. मारिया ओव्सियानकिना या तरुण संशोधिकेनं १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना साधीसुधी कामं दिली आणि मध्येच थांबवलं. काम पुरं करा असं कुणी म्हटलं नव्हतं, त्याबद्दल काही मिळणारही नव्हतं. तरी मोकळा वेळ मिळताच बहुतेकांनी अर्धवट टाकलेलं काम आपण होऊन पुन्हा हातात घेतलं. सुरू केलेलं काम माणसाला मागे ओढतं. सुरू न केलेल्या कामाला हात नसतात, ते फक्त लांबून भेडसावतं. अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना मी म्हणूनच सांगते, की प्रकरण संपवूनच उठायचा हट्ट नको. गणित अर्ध्यावर, वाक्य अर्ध्यावर सोडून चहाला जावं. परत येणं सोपं जातं, खुर्चीवर बसताना ‘कुठून सुरू करू’ हा प्रश्नच उरत नाही.

इकडे किल्ल्यातल्या दुसऱ्या एका खोलीत मौलाना आझाद होते. त्यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये किल्ल्यातला दिनक्रम आला आहे. हे पुस्तक म्हणजे मित्राला लिहिलेली पत्रं, जी टपालात कधी पडलीच नाहीत. पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठायचं, चिनी चहा स्वतःच्या हातानं करायचा आणि घोटाघोटानं पीत लिहायचं. चहाच्या वासाबरोबर लेखणी हातात येत असणार. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाला १९९७ मध्ये दिसलं ते हेच. ख्रिसमसची संध्याकाळ कशी गेली ते दोन दिवसांत लिहून पाठवा, असं त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं. नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते लिहिलं. बाकीच्यांत ते प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहिलं. ‘उद्या नक्की अभ्यास करीन’ या वाक्यात पकडायला काही नाही. ‘सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत भौतिकीचं दुसरं उदाहरण’ म्हटलं की चहाच आठवण करून देतो.

आझादांच्या पत्रांतलं एक पत्र मला वाचवत नाही आणि ठेववतही नाही. १९४३ च्या वसंतात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ होत्या. बातमी कळायची ती वर्तमानपत्रातून, आणि ते घेऊन यायचा तुरुंगाचा अधिकारी. त्याच्या पावलांचा आवाज आला की छातीत धडधड सुरू व्हायची, असं आझाद लिहितात. पण तो खोलीत यायचा तेव्हा ते शांतपणे लिहीत बसलेले दिसायचे, वर्तमानपत्र टेबलावर ठेवायची खूण करायचे आणि लिहिणं चालू ठेवायचे. दिनक्रम त्यांनी मोडला नाही. ९ एप्रिलला बेगम गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी हे सगळं कागदावर उतरवलं. आपण बाहेरून स्थिर दिसत होतो पण आत काय चाललं होतं, हेही लपवलं नाही.

ते वाचताना मला आमच्याकडची मुलं आठवतात. पाथर्डी-शेवगावकडची, ज्यांचे आईवडील सहा महिने ऊसतोडीला जातात. त्यांच्या एका मार्कलिस्टवर सगळ्या घराचा डोळा असतो. हीच मुलं बाहेरून सगळ्यात शांत दिसतात. आझादांना निदान न पाठवलेल्या पत्रांतला मित्र होता. आज मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वेळापत्रकाच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी तो फिरवावा.

वाया गेलेल्या दिवसांची टोचणी हेही मोठंच ओझं. ‘आधीच दोन महिने घालवले, आता काय उपयोग’ हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलं आहे. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांना पहिल्या परीक्षेनंतर विचारलं, की चालढकल केल्याबद्दल तुम्ही स्वतःला माफ केलंत का? २०१० साली आलेले निष्कर्ष शिस्तीच्या आपल्या सगळ्या कल्पनांना उलटे आहेत. ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. सुरुवातीला पिचिल यांनी जे सांगितलं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. पुस्तक बघितल्यावर पोटात जे हलतं, त्यात कालच्या अपराधाची भर पडली की पुस्तक आणखी भीतिदायक होतं. अपराध वजा झाला की भीतीही तेवढी उतरते.

आझादांच्या खोलीतली एक गोष्ट मी शेवटाला राखून ठेवली आहे. ती पत्नीच्या मृत्यूच्या आधीच्या महिन्यातली, मार्च १९४३ मधली.

खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी मांडली होती. दिवसभर काड्या आणि कचरा खाली पडायचा. आझादांनी आधी छत्री उगारली, मग बांबू आणला. चिमण्या उडायच्या आणि परत यायच्या. शेवटी त्यांनी हार मानली आणि मैत्री करायचं ठरवलं. खाली तांदळाचे दाणे टाकले आणि पुतळ्यासारखे बसून राहिले. चिमण्या लांबून बघायच्या, एक पाऊल पुढे आणि दोन मागे. मग एखादी दाणा उचलून भुर्रकन जायची. आझाद हलायचे नाहीत. दुसऱ्या खेपेला दाण्यांचं भांडं थोडं जवळ, मग आणखी थोडं. त्यांनी चिमण्यांना नावंही ठेवली, एकाचं नाव कलंदर.

त्याआधी जवळजवळ वीस वर्षं, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेनं हेच एका लहान मुलाबरोबर केलं होतं. अभ्यासात पीटर म्हणून ओळखला गेलेला हा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना सशाचा पिंजरा खोलीत लांब ठेवायचा, आणि पीटर रडणार नाही इतपतच तो दर वेळी पुढे सरकवायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भीतीवरच्या आजच्या कित्येक उपचारांचं मूळ तिथे आहे.

जिल्ह्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत मार्चमध्ये जावं. पुस्तक उघडं टाकून मोबाइलमध्ये डोकं घातलेली मुलं दिसतील. त्यांच्या आतही एक चिमणी आहे, लांबून दाणे बघणारी. छत्री उगारून, बांबू आणून तिला हाकलत नेता येत नाही. आज फक्त प्रश्नपत्रिका समोर ठेवायची, सोडवायची नाही. उद्या एक प्रश्न वहीत उतरवायचा. परवा त्याची पहिली ओळ. आणि तेवढा वेळ जागचं हलायचं नाही.

किल्ल्यात किती दिवस गेले ते मी मोजलेले नाहीत. भांडं सरकत सरकत आझादांच्या अगदी जवळ आलं. मग त्यांनी दाणे तळहातावर घेतले आणि हात पुढे करून बसले. चिमणी आली, हातावर बसली आणि दाणे टिपू लागली.